आफ्रिकन नाटकातलं जुनं आणि नवं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण मिळून गेली काही वर्षं आफ्रिकन नाटकं मोठ्याने वाचतो, त्यामुळे एमएचे विद्यार्थी, हौशी नाटकवाले, नुसतेच वाचणारे असे बरेच जण प्रश्न पाठवत असतात. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय, तेवढं वर-खाली करून बघा.

१. आफ्रिकन नाटक म्हणजे नक्की कोणतं? आफ्रिका काही एक देश नाही ना?

नाहीच. चोपन्न देश आहेत, भाषा तर मोजायला बसलं तर हजाराच्या वर जातील, त्यामुळे "आफ्रिकन नाटक" हा शब्द आपण सोयीसाठी वापरतो एवढंच. इथे मी बोलतेय ते मुख्यतः नायजेरिया, घाना, केनिया आणि थोडं कॅमेरून, साउथ आफ्रिका यांच्याबद्दल, कारण तीच नाटकं मी वाचलीत. यातली बरीच नाटकं स्वातंत्र्याच्या आगेमागे लिहिली गेली (घाना १९५७, नायजेरिया १९६०, केनिया १९६३), म्हणजे गोरा साहेब निघालाय किंवा नुकताच गेलाय आणि आता घर कसं चालवायचं यावर घरातच भांडण लागलंय, असा तो काळ.

पण म्हणून त्याआधी तिथे नाटक नव्हतं असं समजू नका. नायजेरियातल्या योरुबा लोकांमध्ये पूर्वजांचे मुखवटे घालून नाचायची पद्धत जुनी आहे, आणि ह्युबर्ट ओगुंडे यांची मंडळी १९४० च्या दशकापासून गावोगावी फिरून योरुबात नाटकं करत होती, गाणी, नाच, ढोल सगळं धरून.

२. जुनं विरुद्ध नवं हा विषय शोयिंकांनी आणला का?

नाही. (वोले शोयिंका हे नायजेरियाचे नाटककार, त्यांची नाटकं प्रश्न ४ पासून येतील.) त्यांच्या आधी साउथ आफ्रिकेत हर्बर्ट ढ्लोमो यांचं 'द गर्ल हू किल्ड टू सेव्ह' हे नाटक १९३६ सालचं आहे. त्याला आधार १८५६-५७ च्या खऱ्या घटनेचा. नोंगकावुसे नावाच्या खोसा मुलीने भविष्य सांगितलं की आपली गुरं मारून टाका, पिकं नष्ट करा, मग पूर्वज उठतील आणि गोरे समुद्रात जातील, आणि लोकांनी ते ऐकलं, मग भयंकर उपासमार झाली, हजारो माणसं मेली. ढ्लोमो मिशनच्या शाळेत शिकलेले, त्यांनी या विनाशाकडे असं बघितलं की त्यातूनच लोक जुन्या समजुतींमधून सुटले. आज वाचताना ते फार टोचतं. पण हे नाटक माहीत असलं की पुढच्या पिढीने चक्र उलटं का फिरवलं ते लगेच कळतं.

३. नावांचे उच्चार कसे करायचे? सोयिंका की शोयिंका?

योरुबात त्या अक्षराखाली टिंब असतं आणि त्याचा उच्चार 'श', म्हणून शोयिंका. मराठीत सोयिंका रुळलंय, चालतं. आमा आटा आयडू (घानाच्या नाटककार, प्रश्न ११), 'ऐडू'च्या जवळ जाणारं. न्गुगीमधला (केनियाचे लेखक, प्रश्न १३) 'न्ग' आपल्या 'गंगा'मधल्या 'ङ्ग'सारखा, तो जमला की झालं.

४. सुरुवात कुठून करू?

'द लायन अँड द ज्वेल'पासून. वोले शोयिंकांचं, १९५९ ला नायजेरियातल्या इबादान शहरात पहिल्यांदा झालं, सकाळ, दुपार, रात्र असे तीन भाग आणि सगळं एका दिवसात संपतं. इलुजिनले नावाचं गाव आहे, तिथली सगळ्यात देखणी मुलगी सिदी. तिच्या मागे लागलेला लाकुन्ले हा शाळामास्तर, वय तेवीस. आणि बारोका हा गावचा बाले, म्हणजे पाटीलच म्हणा, वय बासष्ट, घरात आधीच भरपूर बायका. शहरातून आलेल्या फोटोग्राफरने काढलेले सिदीचे फोटो मासिकात छापून येतात, कव्हरवर ती, आणि आत कुठेतरी कोपऱ्यात, संडासाच्या शेजारी, बारोकाचा एवढासा फोटो. तिथून सिदीला वाटायला लागतं की आता आपण बालेपेक्षा मोठ्या. शेवटी ती लग्न करते ते बारोकाशी.

५. म्हणजे परंपरा जिंकली आणि आधुनिकता हरली, असंच ना? आमच्या नोट्समध्ये तसंच दिलंय.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि नोट्समधलं ते वाक्य मला खरंच पटत नाही. नाटक हातात घ्या आणि लाकुन्ले काय बोलतो ते एकेक बघा. त्याला सिदीला हाय हील्स घालायला शिकवायचंय, लिपस्टिक लावायची, सुरी-काट्याने जेवायचं, आणि हे सगळं सांगता सांगता तो तिला ऐकवतो की बायकांचा मेंदू पुरुषांपेक्षा लहान असतो, माझ्या पुस्तकात लिहिलंय, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. म्हणजे गावातला सगळ्यात "मॉडर्न" माणूस बाईला कमी लेखायला सायन्सचा आधार घेतोय. याला आधुनिकता कशी म्हणायची?

आता बारोका. गावातून रेल्वे जाणार होती, त्याने सर्व्हे करणाऱ्या गोऱ्याला लाच देऊन रूळ दुसरीकडून वळवले. एवढंच वाचून आपण त्याला जुनाट म्हणून मोकळे होतो. पण त्याच्याच वाड्यात नोकरांची युनियन आहे, त्यांना सुट्टीचा दिवस आहे. आणि सिदीला भुलवायला तो काढतो काय, तर पोस्टाची तिकिटं छापायचं मशीन, गावाचं स्वतःचं तिकीट असेल आणि त्यावर तुझा चेहरा असेल असं सांगतो. प्रगतीशी माझं वैर नाही, पण तिच्यामुळे सगळी घरं आणि सगळे चेहरे एकसारखे दिसायला लागतात ते मला नको, असं त्याचं म्हणणं आहे. ज्याला मशीन कधी दाखवायचं आणि रूळ कधी वळवायचे हे बरोबर कळतं तो जिंकतो. मास्तरकडे पुस्तकातली वाक्यं आहेत, बालेकडे गाव आहे, पैसा आहे, बासष्ट वर्षांचा अनुभव आहे. नाटक वाचताना कुणाकडे काय आहे ते मोजा, जुनं कोण आणि नवं कोण याची उत्तरं आपोआप हलायला लागतात.

६. ब्राइड प्राइस म्हणजे आपला हुंडाच ना?

उलटं आहे. हुंडा मुलीकडचे देतात, इथे मुलाकडचे मुलीकडच्यांना देतात. मराठीत त्याला 'देज' असा चांगला शब्द आहे आणि आपल्याकडे कितीतरी समाजांमध्ये ती पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे, त्यामुळे भाषांतर करताना 'वधूमूल्य' असला पुस्तकी शब्द कशाला.

लाकुन्ले म्हणतो देज देणं रानटीपणा आहे, मी बाई विकत घेणार नाही. ऐकायला छान वाटतं. सिदीचं म्हणणं असं की देज न घेता गेले तर गाव म्हणेल मी कुमारिका नव्हते, माझं हसं होईल. त्याची तत्त्वं पाळायची तर किंमत तिने मोजायची, आणि हे त्याच्या ध्यानातच येत नाही. शेवटी सिदी बारोकाकडून परत येते तेव्हा तर आता देजाचा प्रश्नच उरला नाही म्हणून हा मनातून खूश होतो, तो भाग वाचताना मला दर वेळी राग येतो.

कॅमेरूनच्या गियोम ओयोनो-म्बिया यांचं 'त्र्वा प्रेतांदां, अं मारी' हे फ्रेंच प्रहसनही (छापून आलं १९६४ ला) देजावरच आहे. ज्युलिएत शिकून गावी येते तर घरच्यांनी आधीच दोघांकडून देज घेऊन ठेवलंय. मग ती तेच पैसे पळवते आणि आपल्या आवडत्या मुलाच्या हातून देज म्हणून बापालाच देववते. जुनी रीत मोडली पण नाही आणि हवं ते झालं पण.

७. बारोकाने सिदीवर बळजबरी केली का? वाचन करताना आमच्या ग्रुपमध्ये यावरून भांडण झालं.

आमच्याकडेही झालं होतं. नाटकात ते दिसत नाही, आतल्या खोलीत होतं. जे कळतं ते असं: बारोका आधी आपल्या थोरल्या बायकोला, सादिकूला, गुपित म्हणून सांगतो की माझं पौरुष गेलं. तो बरोबर ओळखून असतो की ही गप्प बसणार नाही. सादिकू बालेच्या लाकडी पुतळ्याभोवती आनंदाने नाचते, सिदीला कळतं, आणि सिदी त्याची मजा करायला म्हणून वाड्यात जाते. परत येते ती रडत, म्हणते फसवलं, नंतर त्यानेच मला सांगितलं.

म्हणजे फसवणूक तर नक्की आहे आणि सिदी मोकळ्या मनाने हो म्हणाली असं दाखवणारी ओळ मला सापडलेली नाही. नाटक मात्र पुढच्या पाच मिनिटांत लग्नाच्या गाण्यापर्यंत पोचतं, आणि बऱ्याच वाचकांना, विशेषतः बायकांना, ते गिळता येत नाही. मलाही येत नाही. कॉमेडी आहे म्हणून सोडून द्या असं काही जण म्हणतात, पण याच नाटकात लाकुन्लेच्या प्रत्येक वाक्याला आपण जबाबदार धरतो, मग बारोकाला का सोडायचं. परीक्षेत लिहायचं असेल तर बिनधास्त लिहा की हा प्रश्न नाटक अर्धवट सोडतं, फक्त आधार म्हणून सिदीच्या परत येण्याचा प्रसंग नीट वाचा. ती लाकुन्लेला ते मासिक भेट म्हणून देते आणि म्हणते की मी फाडायचा प्रयत्न केला पण बोटांत तेवढा जोर नव्हता. त्या वाक्यात विजय आहे की हार, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

८. 'डेथ अँड द किंग्ज हॉर्समन' तर सरळसरळ दोन संस्कृतींची टक्कर आहे. मग शोयिंका स्वतः 'तशी टक्कर नाही' असं का म्हणतात?

हो, म्हणतात, आणि तेही नाटकाच्या सुरुवातीच्या टिपणात, चांगलेच चिडून. थोडक्यात गोष्ट अशी की ओयो या योरुबा राज्याचा राजा मेलाय, आणि रीतीप्रमाणे राजाचा अश्वपाल एलेसिन याने महिन्याभराने त्याच्यामागे जायचंय, स्वतःच्या इच्छेने मरण पत्करून. इंग्रज जिल्हा अधिकारी पिल्किंग्ज त्याला पकडून ठेवतो आणि मरण थांबवतो. एलेसिनचा थोरला मुलगा ओलुंदे विलायतेत डॉक्टरी शिकतोय, तो बापाला पुरायला म्हणून परत आलाय, बाप जिवंत दिसतो तेव्हा त्याच्याकडे पाठ फिरवतो, उष्टं खाणारा म्हणतो, आणि बापाच्या जागी स्वतः जीव देतो. मुलाचं प्रेत समोर आणल्यावर एलेसिन बेडीच्या साखळीनेच स्वतःचा गळा आवळतो. ओयोमध्ये १९४६ साली घडलेल्या खऱ्या प्रसंगावर हे आहे असं शोयिंकांनी सांगितलंय, फक्त काळ त्यांनी मागे, महायुद्धात नेला. नाटक आलं १९७५ ला.

शोयिंकांचं म्हणणं: टक्कर म्हटलं की दोन्ही पारडी सारखी आहेत असं गृहीत धरलं जातं, आणि इथे तर एक बाजू दुसऱ्याच्याच घरात घुसलेली आहे. त्यांच्या मते इंग्रज अधिकारी हे फक्त निमित्त. खरं नाटक एलेसिनच्या आत चाललंय. आणि मजकूर बघितलात तर ते पटतं. एलेसिन मरणाच्या दिवशी बाजारात येतो आणि एक पोरगी आवडली म्हणून तिच्याशी लग्न लावून मागतो, जी इयालोजाच्या, म्हणजे बाजाराच्या मुख्य बाईच्या, मुलाला ठरलेली असते. त्याचा पाय तिथेच अडकलेला आहे, पिल्किंग्ज यायच्या कितीतरी आधी.

परीक्षेत काय लिहू असंही विचारतात. "संस्कृतीसंघर्ष" हा शब्द वापरा, पण लगेच पुढे लिहा की लेखकाने स्वतः तो नाकारलाय आणि का नाकारलाय.

९. पण हे सतीसारखंच नाही का? मग साहेबाने थांबवलं ते बरोबरच केलं.

हा प्रश्न विचारणारा मराठी वाचक मला अगदी समजतो, आपल्याकडे १८२९ चा कायदा शाळेत शिकवतात, त्यामुळे पुस्तक मिटल्यावर पहिलं तेच डोक्यात येतं. फरक असा की सती जाणाऱ्या बाईला निवड नव्हती आणि मान मिळायचा तोही मेल्यावर. एलेसिनचं मरण हे त्याच्या घराण्याच्या पदाचा भाग आहे, आणि त्या पदाचे सगळे लाड, चांगलंचुंगलं खाणं, कपडे, बाजारात कुठेही हात टाकायची मुभा, हे त्याने आयुष्यभर उपभोगलेले आहेत. तो कर्ज फेडायला चाललाय, असं गाव बघतं.

तरीही प्रश्न संपत नाही. रूढीने ठरवलेलं मरण ते मरणच, आणि आज तुम्ही त्याला नको म्हणालात तर मी तुमच्याच बाजूची आहे. पण नाटकात एक जागा आहे ती नीट बघा. पिल्किंग्जची बायको जेन ओलुंदेला सांगते की बंदरात एका कॅप्टनने बाकीच्यांचा जीव वाचवायला जहाजासकट स्वतःला उडवून घेतलं, आणि तिला ते पटत नाही. ओलुंदेला मात्र त्या कॅप्टनबद्दल आदर वाटतो. सगळ्या जगाची माणसं महायुद्धात मारली जातायत, रेसिडेंटच्या, म्हणजे वरच्या इंग्रज साहेबाच्या, बंगल्यावर त्याच वेळी फॅन्सी ड्रेसचा बॉल, म्हणजे नाचाची पार्टी, चाललाय, आणि तिथे नाचायला गेलेला पिल्किंग्ज साहेब एका माणसाच्या मरणाला रानटी म्हणतोय. कायदा बरोबर असेल, पण सांगणाऱ्याला तोंड आहे का, हे शोयिंका विचारतात.

१०. एगुंगुनच्या कपड्यांचा तो प्रसंग एवढा महत्त्वाचा का मानतात?

एगुंगुन म्हणजे मेलेल्या पूर्वजांचा मुखवटा-पोशाख, तो घातला की आत माणूस नसतो, पूर्वज असतो. पिल्किंग्ज नवरा-बायकोने जप्त केलेले ते कपडे बॉलला घालायला म्हणून अंगावर चढवलेत आणि दिवाणखान्यात टँगो नाचतायत. तेवढ्यात हवालदार अमुसा रिपोर्ट द्यायला येतो. अमुसा मुसलमान आहे, इंग्रजांचा पगारी नोकर आहे, एगुंगुन त्याचा धर्मच नाही. तरी त्याला बघवत नाही. मरणाचा विषय आणि समोरचा मरणाचा पोशाख घालून उभा, मी बोलू कसा, म्हणतो, आणि शेवटी त्या विषयावर तोंडाने एक शब्द न काढता रिपोर्ट कागदावर लिहून देऊन जातो.

मला हे नाटकातलं सगळ्यात सुंदर पान वाटतं. आपण कायम विचारतो हा माणूस कुठल्या बाजूचा, आणि अमुसाला तीन बाजू आहेत, युनिफॉर्म एक, नमाज दुसरी आणि लहानपणापासून अंगात मुरलेली भीती तिसरी. असे अमुसा आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत.

११. बायकांनी लिहिलेली नाटकं वेगळी पडतात का?

पडतात, कारण त्यांच्याकडे भांडण स्वयंपाकघरात आणि अंगणात होतं. घानाच्या आमा आटा आयडू यांचं 'द डिलेमा ऑफ अ घोस्ट' वाचा, १९६४ ला लेगॉनला, घानाच्या विद्यापीठात, झालं, तेव्हा त्या स्वतः विद्यार्थिनी होत्या. पुढे १९८२ मध्ये त्या देशाच्या शिक्षणमंत्री झाल्या.

आटो अमेरिकेत शिकून येतो तो लग्न करूनच, बायको युलाली, कृष्णवर्णीय अमेरिकन. घरचे आधी हबकतात की गुलामांच्या वंशातली सून आणली. एसी कोम, आटोची आई, प्रेमाने गोगलगायी घेऊन येते, तिथे ते आवडीचं खाणं आहे, आणि युलाली शिसारी येऊन त्या टाकून देते. बोंबिलाचा वास न सोसणारी सून आणि उन्हात बसून बोंबील वाळवलेली सासू असा प्रसंग डोळ्यांसमोर आणा, तेवढाच दुखरा. मग मूल होत नाही म्हणून घरचे तिला वांझ ठरवतात, पूर्वजांना पाणी घालून तिच्या पोटावर औषध लावायला येतात, आणि आटो गप्प. मूल आत्ता नको असं त्यानेच ठरवलेलं असतं, तो ते आईला सांगत नाही, आणि घरातल्यांचं म्हणणं काय आहे ते बायकोलाही धड सांगत नाही.

शेवटी खरं कळतं तेव्हा एसी कोम मुलाला झापते. पाहुण्याने पामनट सूपात बोट घातलं तर त्याला घाल म्हणून सांगणारा गावचाच कुणीतरी असतो, या अर्थाची म्हण वापरते. आणि सुनेला आधार देऊन आत नेते. रंगसूचनेत लिहिलंय की जुन्या घराकडे जाणाऱ्या दारातून नेते, नव्या खोल्यांच्या नाही. आटो अंगणात एकटा, आणि मुलांचं गाणं ऐकू येतं, त्यातलं भूत तिठ्यावर उभं राहून विचारतं, केप कोस्टला जाऊ की एल्मिनाला?

१२. मग बायकांची नाटकं परंपरेच्या विरोधात असतात असं म्हणायचं का?

सरसकट नाही. नायजेरियाच्या झुलू सोफोला यांचं 'वेडलॉक ऑफ द गॉड्स' (१९७२) बघा. ओग्वोमा ही विधवा, मनाविरुद्ध लग्न लावलेली, नवऱ्याच्या सुतकाच्या काळातच जुन्या प्रियकरापासून गरोदर राहते, आणि नाटकात त्याची शिक्षा फार कडक आहे. सोफोलांनी रूढी मोडणाऱ्यांना मारून टाकलं म्हणून स्त्रीवादी समीक्षक नाराज आहेत. मी वाचते तेव्हा मात्र मला त्या बाईची घुसमट जास्त ऐकू येते, शिक्षा नंतर येते.

आयडूंचंच 'अनोवा' (१९७०) अजून अवघड. काळ १८७० च्या दशकातला. अनोवा आईवडिलांचं न ऐकता आपल्या मनाने कोफी आकोशी लग्न करते, म्हणजे "मॉडर्न" झाली ना. पण नवरा श्रीमंत होतो, गुलाम विकत घ्यायला लागतो, तेव्हा हे चूक आहे म्हणणारी तीच एकटी. तिची नैतिकता ना आईच्या परंपरेतली, ना नवऱ्याच्या नव्या धंद्यातली.

१३. न्गुगींच्या नाटकात तर परंपरेचा प्रश्नच नाही, सगळं वर्गसंघर्षाचं आहे ना?

आहे की, फक्त जागा बदलली. 'न्गाहिका न्देंडा' हे न्गुगी वा थ्योंगो आणि न्गुगी वा मिरी यांनी गिकुयु भाषेत लिहिलं, लिमुरूजवळच्या कामिरिथू गावात लोकांनी स्वतः उघडं थिएटर बांधलं, सुमारे २००० माणसं बसतील एवढं, आणि १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये शेतमजूर आणि कारखान्यातल्या कामगारांनीच ते केलं. भाषा चुकली की गावातले म्हातारे लेखकाला सुधारून सांगायचे.

किगुंडाच्या घरात भिंतीवर दीड एकराचा सातबारा टांगलाय असं म्हणा. मालक किओई आणि त्याची बायको येऊन सांगतात की तुमचं जुन्या पद्धतीचं लग्न म्हणजे पाप, चर्चमध्ये परत लग्न करा. चर्चच्या लग्नाला पैसे कुठून, तर जमीन तारण ठेवून बँकेचं कर्ज, आणि जमीन जाते. इथे आधुनिकता येते ती चर्च, बँक आणि कारखाना घेऊन, आणि जुनी गाणी-नाच हे लोकांचं हत्यार होतं. सहा आठवड्यांत सरकारने परवाना काढून घेतला, ३१ डिसेंबर १९७७ ला न्गुगी वा थ्योंगोंना अटक झाली, वर्षभर खटल्याशिवाय आत ठेवलं. १९८२ ला ते थिएटरही पाडलं. इंग्रजीत नाटकं लिहीत होते तोवर त्यांना कुणी आत टाकलं नव्हतं.

१४. आपली 'संगीत शारदा' आणि 'लायन अँड द ज्वेल' सारखी वाटतात. तुलना करू का?

करा, पण म्हातारा आणि तरुण मुलगी एवढ्यावर थांबू नका. देवलांच्या नाटकात (१८९९) लग्न थांबतं ते वर-वधू सगोत्र असल्याचं उघड होऊन, म्हणजे सुधारणेच्या बाजूचं नाटक शास्त्राचाच नियम पुढे करतं. तुलनेला खरी जागा ही आहे. प्रश्न ६ मधल्या ज्युलिएतलाही शेजारी बसवता येईल.

१५. आम्हाला 'लायन अँड द ज्वेल' मराठीत करायचंय. काय सांभाळू?

आधी परवानगी घ्या. मग तालवाद्यवाला शोधा, कारण योरुबा ही सुरांची भाषा आहे, आवाज चढला-उतरला की शब्दाचा अर्थ बदलतो, त्यामुळे तिथला ढोल अक्षरशः बोलतो. नाच आणि मूकाभिनयाचे प्रसंग वेळ वाचवायला कापू नका, रेल्वेची लाच मूकाभिनयातच दाखवलीय. म्हणी आल्या की शक्यतो तिथलीच प्रतिमा ठेवा, तिथल्या कंदाचा इथला ऊस करू नका.

आणि "तू" की "तुम्ही" हे तालमीआधी ठरवा. इंग्रजी संहितेत सगळीकडे एकच शब्द आहे, पण योरुबात मोठ्यांना आदरार्थीच बोलतात, मराठीसारखं. आमच्या वाचनात सिदी करणाऱ्या मुलीने बारोकाच्या घरात शिरताना "तुम्ही" म्हटलं, त्याची थट्टा सुरू केल्यावर हळूच "तू"वर आली, आणि तिकिटाचं मशीन बघून परत "तुम्ही"वर गेली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. दुसऱ्या वाचनाला तिने तीनही जागा पेन्सिलने गोल करून आणल्या होत्या.